फँटम वर्ग, सोल २: भिंतीशी भांडणाच्या नोंदी

वाइपआउट या तरंगत्या यानांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये रेपियर वर्गात बऱ्यापैकी चालवता येतं, पण सगळ्यात वेगवान फँटम वर्ग लावला की यान कॅरमच्या सोंगटीसारखं या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतं, अशांसाठी या नोंदी आहेत. मी त्यातलीच. खेळ वाइपआउट ओमेगा कलेक्शन, म्हणजे २००८ साली आलेल्या वाइपआउट एचडीसह जुन्या खेळांची २०१७ मधली नवी आवृत्ती. वेगाचे वर्ग चार, हळूकडून वेगवानाकडे: व्हेनम, फ्लॅश, रेपियर आणि फँटम. ट्रॅक सोल २, ढगांच्या वर बांधलेला, उड्याच उड्या. यान फायसर, कारण ते वळतं चांगलं आणि चुका पोटात घालतं.

ठरवलेलं काम: टाइम ट्रायलमध्ये (म्हणजे एकट्यानं, घड्याळाशी शर्यत) फँटम वर्गात सलग तीन फेऱ्या भिंतीला अजिबात न लागता काढायच्या, आणि त्या तिन्ही फेऱ्यांत प्रत्येक मोठ्या उडीवर बॅरल रोल, म्हणजे हवेत स्वतःभोवती गिरकी, मारायचा. रोज पाऊण तास द्यायचा असं ठरलं. पाऊण तास किती दिवस पाळला गेला ते पुढे दिसेलच.

२ मार्च

पहिलं काम, पायलट असिस्ट बंद केलं. ही सोय चालू असली की भिंत जवळ आल्यावर खेळच यानाला हळूच आत ओढतो. व्हेनमला ती देवासारखी वाटते. पण आपण मुद्दाम भिंतीच्या कडेनं जायला बघत असलो तर तीच आपल्या हाताशी झटापट करते, आणि चूक आपली की तिची हे कधीच कळत नाही.

बंद केल्यावरची पहिली फेरी: एकोणीस वेळा भिंत. सहाव्या फेरीपर्यंत सतरा. मी भिंतीला लागल्याचा आकडा रोज वहीत लिहिणार आहे. फेरीची वेळ नाही, फक्त आकडा. वेळ लिहायला लागलं की मी वेळेच्या मागे धावते आणि वळणं बिघडवते, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे.

४ मार्च

आज दीड तास एका गोष्टीवर गेला: एअरब्रेकवर.

नावात ब्रेक आहे म्हणून मी इतके दिवस तो ब्रेकसारखा वापरत होते. वळण आलं, घाबरले, त्या बाजूचा ट्रिगर (कंट्रोलरच्या पुढच्या कडेचं बटण, एअरब्रेक त्यावरच असतो) पूर्ण दाबला आणि वळण संपेपर्यंत धरून ठेवला. व्हेनमला हे चालतं. फँटमला यानाचं नाक वळतं, शेपूट बाहेर फेकली जाते आणि यान तिरकं होऊन वळणाच्या बाहेरच्या भिंतीला पाठीनं भिडतं. मग घाईनं उलट्या बाजूचा एअरब्रेक, की समोरची भिंत. एका वळणात दोन ठोके.

यान हवेवर तरंगतं, त्याला चाकं नाहीत. नाक वळलं म्हणजे यान वळलं असं नाही; नाक आधी वळतं आणि धाव नंतर वळते. या दोन्हीतल्या अंतरात एअरब्रेक कामाला येतो. तो होडीच्या सुकाणूसारखा वापरायचा. वळणाच्या थोडं आधी त्या बाजूचा ट्रिगर छोटासा दाबायचा, नाक वळायला लागलं की सोडायचा, उरलेलं वळण अंगठ्यानं, म्हणजे डाव्या अंगठ्याखालच्या स्टिकनं, घ्यायचं. पुरलं नाही तर आणखी एकदा दाबायचं. दोन्ही बाजूंचे एकदम दाबले तर मात्र तो खरोखरचा ब्रेक होतो. आजवर मी ते नकळत किती वेळा केलंय ते मोजलं नाही, मोजायचंही नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते 'आधी'. वळण दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेला असतो. आकडा तेरावर आला.

५ ते ९ मार्च

या पाच दिवसांची नोंद एकत्र, कारण पाचही दिवस वाया गेले.

एअरब्रेक आधी दाबायचा तर किती आधी, हे शोधत होते. काहीही केलं तरी उशीरच. आणखी आधी दाबून पाहिलं तर आतल्या भिंतीत. मधली जागा सापडेचना. माझी नजर मंद झाली, वय झालं, इथपर्यंत विचार पोचला.

नवव्या तारखेला पाहुण्यांसाठी टीव्हीवर सिनेमा लावताना चित्राच्या सेटिंगमध्ये शिरले, तेव्हा दिसलं की कन्सोलच्या जोडणीवर गेम मोड बंद आहे. चित्र गुळगुळीत करणाऱ्या सगळ्या करामती चालू. त्या करताना टीव्ही प्रत्येक चित्र काही काळ स्वतःकडे धरून ठेवतो आणि मग दाखवतो. मी बघत होते ते सगळं थोडं शिळं होतं.

थोडं म्हणजे किती, त्याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर केला. यानाचा वेग ताशी ७०० किलोमीटर धरला तर सेकंदाला सुमारे १९४ मीटर. टीव्हीनं १०० मिलिसेकंद उशीर केला असं धरलं तर यान १९ मीटर पुढे गेलेलं असतं. खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद; त्या हिशेबानं मी सहा चित्रं मागे होते. व्हेनमला वेग कमी असल्यामुळे हे खपून जात होतं.

गेम मोड चालू केला. त्याच संध्याकाळी आकडा नऊ. हे वाचणाऱ्यांनी पहिल्या दिवशी करायचं काम हे. मी आठव्या दिवशी केलं.

११ मार्च

धाकटा भाऊ मागे बसून बघत होता. त्याला हा खेळ येत नाही, तो क्रिकेटवाला. अर्धा तास गप्प बसून म्हणाला, "ताई, तू रस्त्याकडे बघतच नाहीस. तू यानाकडे बघतेस."

मी चिडले. मग रीप्ले लावून पाहिला, आणि बरोबर होतं त्याचं. मी बाहेरचा कॅमेरा वापरते, यान पडद्याच्या खालच्या मध्यावर असतं. माझी नजर तिथेच चिकटलेली. यानाच्या शेपटीवर डोळे लावून बसलं की वळण अंगावर येतं, आपण वळणाकडे जात नाही.

उपाय म्हणून झोन मोड घेतला. झोनमध्ये यान आपोआप पळतं, वेग टप्प्याटप्प्यानं वाढत जातो, शस्त्रं नाहीत, पुढच्या कोणाला गाठायचं नाही. तग धरायचा, बस. तिथे नजर खाली आली की खेळ संपतो, इतकं सरळ आहे. चार दिवस फक्त झोन. पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात, रस्ता जिथे नाहीसा होतो तिथे बघायचं आणि यान डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसेल तेवढं दिसू द्यायचं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं. तिसऱ्या दिवशी एक वेगळीच गोष्ट झाली: वळणं हळू यायला लागली. वेग तोच, पण हाताला वेळ मिळायला लागला.

झोनचे रंग अंगावर येतात हे खरं. ज्यांना चमकत्या प्रकाशाचा त्रास होतो त्यांनी जपून. मूळ एचडी खेळाचं प्रकाशन लांबलं होतं तेही प्रकाशामुळे झटके येण्याच्या चाचणीत अडकल्यानंच.

१५ मार्च

टाइम ट्रायलला परत. आकडा सहा. सहापैकी चार ठोके एकाच प्रकारचे, आणि ते माझ्या नव्या शहाणपणामुळे.

ट्रिगर छोटा दाबायचा, पुरलं नाही तर परत दाबायचा, असं मी चार तारखेला लिहिलंय. त्यात एक खोट आहे. या खेळात एअरब्रेक लागोपाठ दोनदा टिचकी मारल्यासारखा दाबला की साइडशिफ्ट होतो, म्हणजे यान झटक्यात त्या बाजूला सरकतं. उजव्या वळणात मी टिक-टिक करून उजवा एअरब्रेक द्यायला गेले की यान थेट उजव्या भिंतीत. आधी वाटलं कंट्रोलर बिघडला. रीप्ले हळू करून पाहिल्यावर कळलं.

दोन उपाय करून पाहिले. पहिला, दोन दाबांत मुद्दाम अंतर ठेवायचं. जमलं नाही, घाईच्या वळणात बोट ऐकत नाही. दुसरा, दुसऱ्यांदा दाबायचंच नाही. पहिलाच दाब गरजेइतका लांब द्यायचा आणि चुकलाच तर उरलेलं अंगठ्यानं भरून काढायचं. हा टिकला. एका वळणाला एकच दाब. जोड-वळणात, उजवीकडून लगेच डावीकडे, दोन वेगळ्या बोटांचे दोन दाब होतात, तिथे साइडशिफ्टची भीती नसते.

मग साइडशिफ्ट स्वतः शिकायला घेतला, कारण शत्रू ओळखीचा असलेला बरा. त्याचा खरा उपयोग सरळ रस्त्यावर. स्पीड पॅड (रस्त्यावरची वेग वाढवणारी पट्टी) डावीकडे आहे आणि आपण उजवीकडे. अंगठा वळवून गेलो तर नाक तिरकं होतं, पॅड मिळतो पण बाहेर पडताना तोंड भिंतीकडे. साइडशिफ्टनं नाक सरळ राहतं आणि अख्खं यान बाजूला जातं. वळणातून बाहेर पडताना यान बाहेरच्या भिंतीकडे वाहत चाललं असेल तेव्हाही आतल्या बाजूला एक साइडशिफ्ट मारला तर वाचतं. हे शेवटच्या क्षणी करायचं नाही. भिंत हातभर राहिल्यावर मारलेला साइडशिफ्ट मला एकदाही कामी आलेला नाही.

२२ मार्च

आजपासून बॅरल रोल. खरं म्हणजे मी हा सगळ्यात आधी शिकायला गेले होते, मागच्या वर्षी, कारण दिसायला तो सगळ्यात भारी. तेव्हा महिनाभर गेला आणि हाती काहीच लागलं नाही. वळणं येत नसताना रोल शिकणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

रोल असा: यान हवेत असताना डावीकडे-उजवीकडे-डावीकडे (किंवा उलट) असे तीन झटके पटकन द्यायचे. यान स्वतःभोवती एक गिरकी घेतं, त्यासाठी ढालीची थोडी ऊर्जा जाते आणि जमिनीवर टेकताच टर्बोसारखा धक्का मिळतो.

माझे रोल दहातले सात लागत होते. अडचण लागण्यात नव्हती, लागल्यानंतर होती. यान टेकायचं, धक्का मिळायचा आणि त्या धक्क्यासकट मी भिंतीत. म्हणजे रोल न मारता जितक्या जोरात आपटले असते त्याहून जोरात.

एकच उडी घेतली आणि तीच तासभर केली. उडीनंतर रस्ता उजवीकडे वळतो. पहिले वीस प्रयत्न डावी-उजवी-डावी असे. त्यात काय होतं ते नीट बघा: तिसरा झटका डावीकडचा. यान टेकतं तेव्हा अंगठा डावीकडेच असतो, किंवा मधे यायच्या वाटेवर असतो. नाक दोन-चार अंश डावीकडे. त्यात आणखी धक्का. रस्ता उजवीकडे चाललाय आणि मी धक्क्यासकट डावीकडे. मग घाईनं उजवा एअरब्रेक, शेपूट बाहेर, पाठ भिंतीला.

उजवी-डावी-उजवी केलं. तिसरा झटका उजवीकडे, वळणाच्या दिशेनं. अंगठा तिथेच राहिला तरी बिघडत नाही, उलट वळणाची सुरुवात आपोआप होते. वीसपैकी चौदा स्वच्छ.

इतकी साधी गोष्ट. टेकल्यावर जिकडे जायचंय त्या बाजूनं रोल सुरू करायचा, कारण सुरुवात आणि शेवट एकाच बाजूला होतात. ट्रॅकवरच्या प्रत्येक उडीपुढे वहीत 'डा' किंवा 'उ' लिहून ठेवलं. पुढचा रस्ता सरळ असेल तिथे मला सोपी जाणारी बाजू, म्हणजे डावी.

२४ मार्च

चौदा स्वच्छ, पण उरलेले सहा? त्यात यान टेकताना नाकावर आपटत होतं आणि वेग मरत होता.

फोन तिपाईवर ठेवून अंगठ्याचं चित्रण केलं. अंगठा डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत जात नाही. तो बुडाशी अडकलेला असल्यामुळे कमानीत फिरतो, आणि माझी कमान वरच्या बाजूनं, म्हणजे पडद्याकडे जात होती. स्टिक पुढे ढकलली की यानाचं नाक खाली जातं. प्रत्येक झटक्यात मी नाक थोडं थोडं खाली दाबत होते.

तीन दिवस कमान उलटी करण्यात गेले: स्टिक किंचित आपल्याकडे ओढून मग झटके द्यायचे. नाक थोडं वर राहतं, यान हवेत जरा जास्त वेळ तरंगतं, गिरकीला वेळ मिळतो. टेकायच्या क्षणी ओढ सोडून द्यायची. जास्त ओढलं तर नाक आकाशात आणि यान पॅडच्या पलीकडे जाऊन उतरतं, तेही अनुभवून झालं. दिशेच्या बटणांवर रोल मारून पाहिला. झटके एकदम स्वच्छ येतात, पण परत स्टिकवर यायला जो वेळ लागतो त्यात वळण निघून जातं. ज्यांचा अंगठा माझ्याहून चपळ आहे त्यांनी ते जरूर करून पाहावं.

आकडा तीन. दोनदा तर एकच.

२९ मार्च

यान स्वतःहून डावीकडे जायला लागलं. अंगठा स्टिकवर नसतानाही. म्हणजे स्टिक घासली. दिवसाला शंभरेक रोलचे तीनशे झटके, बिचारीनं तरी किती सोसायचं. स्टिकच्या आत जागा मोजणारे छोटे पट्टे असतात, ते झिजले की मध्यबिंदू सरकतो.

उघडून साफ करू म्हटलं. मागचं झाकण सरळ ओढलं. दोन्ही भागांना जोडणारी चार्जिंगची पातळ फीत असते, ती झाकणासोबत आली आणि कडेला फाटली. सगळीच चूक माझी. झाकण पुस्तकासारखं अलगद उघडायचं असतं, ओढायचं नाही. स्टिक साफ झाली, यान सरळ जायला लागलं आणि कंट्रोलर चार्ज होईना. आगीतून फुफाट्यात.

एका मैत्रिणीचा जुना कंट्रोलर पडून होता तो आणला. सहा दिवस खेळ बंद.

६ एप्रिल

नव्या हातातल्या जुन्या कंट्रोलरची स्टिक जरा कडक आहे. रोल लागेचनात. पहिले पाढे पंचावन्न, आकडा परत सात.

आणि या वैतागात एक मूर्खपणा केला. वाटलं, यान बदललं तर? किरेक्स घेतलं. वेगवान, मजबूत, दिसायलाही देखणं, पण वळायला जड. फायसरवर जिथे एअरब्रेकचा छोटा दाब पुरत होता तिथे किरेक्सला लवकर आणि लांब दाब लागतो. मी तीन दिवस हाताला नवीन सवय लावली, आकडा पाचवर आणला, आणि मग लक्षात आलं की मूळ कामाशी याचा काही संबंध नाही. मला भिंत टाळायची आहे, वेग वाढवायचा नाही. फायसरवर परत आले तर हात आता किरेक्सचा झालेला, सगळ्या वळणांत आतल्या भिंतीला. आणखी दोन दिवस ते विसरण्यात गेले.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी इतरांना नेहमी सांगत असते.

१२ एप्रिल

बदल म्हणून आठ यानांची साधी शर्यत खेळले. रोल तिथे कसे पडतात ते बघायचं होतं.

सुरुवात मस्त. पहिल्या फेरीत सगळ्या उड्यांवर रोल, थेट दुसरा क्रमांक. दुसऱ्या फेरीत ऊर्जेकडे लक्ष गेलं तेव्हा पट्टी लाल. रोलला ऊर्जा जाते हे माहीत होतं, पण टाइम ट्रायलमध्ये मागून कोणी मारत नाही म्हणून त्याची किंमत कधी कळली नव्हती. मागून एक क्षेपणास्त्र आलं आणि खेळ खलास.

पुढच्या शर्यतीत हिशेबानं: शस्त्राचा पॅड घेतला की ते शस्त्र वापरण्याऐवजी गिळायचं, म्हणजे ऊर्जा परत मिळते, आणि ती पुढच्या उडीवर खर्च करायची. शस्त्राला रोलचं इंधन समजायचं. तिसरी आले. पण मजा अशी की शर्यतीत शेजारी यानं असल्यामुळे भिंतीकडे लक्षच गेलं नाही, आणि आकडा दोन. भीती दुसरीकडे गुंतवली की हात मोकळा राहतो बहुतेक.

जाता जाता, १९९५ च्या पहिल्या वाइपआउटमध्ये भिंतीला धडकलं की यान जागीच थांबायचं. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागापासून घासत पुढे जाता येऊ लागलं. मी पहिल्याच भागात शिकायला हवं होतं. घासण्याची मुभा मिळाल्यामुळेच ही सवय लागलीय असं माझं मत.

१९ एप्रिल

टर्बो, म्हणजे बटण दाबून घ्यायचा वेगाचा झटका. टाइम ट्रायलमध्ये दर फेरीला एक मिळतो. मी तो मिळाल्या मिळाल्या उडवत होते, पोरानं हातातलं चॉकलेट खावं तसा.

तीन जागा करून पाहिल्या. फेरीच्या सुरुवातीला: यान आधीच पूर्ण वेगात असतं, फायदा कमी आणि पहिलं वळण अंगावर लवकर येतं. मोठ्या उडीच्या आधी: यान खूप लांब फेकलं जातं, उतरायच्या जागेवरचे पॅड हवेतूनच मागे जातात, एकदा तर रस्ताच चुकला आणि यान ढगांत. खेळ परत आणून ठेवतो, पण फेरी गेलीच. घट्ट वळणातून वेग घालवून बाहेर पडल्यावर, समोर सरळ रस्ता आणि नाक सरळ असताना: हीच जागा. नाक सरळ झालंय याची खात्री होईपर्यंत बोट बटणावर ठेवायचंच नाही, नाहीतर मोह होतो.

आज पहिल्यांदा 'परफेक्ट लॅप' ऐकलं, भिंतीला न लागता फेरी झाली की खेळ म्हणतो ते. रोलसकट. मी ओरडले, आणि त्या ओरडण्यात पुढचं वळण चुकले.

२३ एप्रिल

सलग दोन फेऱ्या स्वच्छ, तिसरीत ठोका. असं आज अकरा वेळा झालं. अकराही वेळा तिसऱ्या फेरीत आणि नऊ वेळा त्याच उडीवर, बावीस मार्चच्या त्या उजव्या उडीवर, जी मला सगळ्यात चांगली येते.

रीप्ले बघितला. दुसऱ्या फेरीपर्यंत नजर लांब. तिसरी सुरू झाली की नजर परत यानाच्या शेपटीवर. भाऊ आत्ता मागे नव्हता, पण त्याचा आवाज ऐकू आला.

फेऱ्यांचा आकडा पडद्यावर दिसतो त्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. कितवी फेरी ते कळायला नको.

२७ एप्रिल

रात्री साडेदहाला बसले. कागद चिकटवलेला. चौथ्या प्रयत्नात सगळ्या उड्या, सगळे रोल. एका जागी डावीकडचा साइडशिफ्ट अगदी भिंतीच्या कडेनं गेला, लागलं असं वाटलं होतं. शेवटी निकालाचा पडदा आला तेव्हा कळलं की तिन्ही फेऱ्या झाल्या आणि तिन्ही स्वच्छ.

वेळ पाहिली. माझ्या सर्वोत्तम वेळेपेक्षा जवळजवळ दोन सेकंदांनी हळू. ती सर्वोत्तम वेळ मार्चमधली, भिंती घासून काढलेली.

एकूण खर्च: वहीनुसार ६१ तास, त्यातले पाच दिवस टीव्हीपायी, सहा दिवस कंट्रोलरपायी, पाच दिवस किरेक्सपायी. एक फाटलेली फीत. उजव्या अंगठ्याला काही नाही, डाव्याच्या बुडाशी अजून दुखतं. रोज वीस मिनिटांनी हात सोडायचा हे मी एप्रिलमध्ये सुरू केलं, मार्चमध्ये करायला हवं होतं.

२८ एप्रिल

तोच ट्रॅक, उलट दिशा. उड्यांची यादी, 'डा' आणि 'उ', सगळी निरुपयोगी. पहिली फेरी: एकवीस वेळा भिंत, दोनदा ढगांत. वहीचं नवं पान काढलंय.